नवीन सायकल घेतलीय आणि साताऱ्यात चालवायचीय? मग पार्ट्सचं एवढं समजून घ्या

सायकल घेतली की पहिल्या महिन्यात पडणारे प्रश्न जवळपास सगळ्यांचे सारखेच असतात, हवा किती भरायची, ट्यूब मागताना काय सांगायचं, चेन का वाजतेय, २१ गिअर आहेत तर कुठला कधी टाकायचा, हेल्मेट स्वस्तातलं चालेल का. आणि मग कोणीतरी भेटतो जो सांगतो हे हलकं चाक टाक, कार्बनचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, टाक, आणि पैसे भलतीकडेच जातात. माझं मत सरळ आहे. आपलं गाव डोंगराच्या कुशीत आहे, समर्थ मंदिरापासून वर निघालं की यवतेश्वरचा घाट, बोगद्यातून बाहेर पडलं की सज्जनगड आणि ठोसेघरचा रस्ता, वाईवरून पाचगणीला जायचं तर पसरणी घाट. चढ आहे म्हणजे उतार आहे, आणि पावसाळ्यात दोन्ही ओले. त्यामुळे साताऱ्यात सायकलवर पैसे घालायचे तर आधी तीन गोष्टींवर, चढाला पुरेल असा हलका गिअर, भरवशाचे ब्रेक आणि चांगले टायर. बाकी सगळं नंतर. खाली जे लिहिलंय ते याच हिशोबाने, नवीन माणसाने ज्या क्रमाने करायला पाहिजे त्या क्रमाने.

पहिलं काम: सीटची उंची

काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा, फुकटचं आहे आणि गुडघे वाचतात. बहुतेक नवीन लोक सीट इतकी खाली ठेवतात की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. तसं नसतं. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं, बसूनच पाय टेकवायचा नसतो.

भिंतीला धरून सीटवर बसा, एक पेडल एकदम खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्याला थोडा बाक आपोआप येतो, तीच तुमची उंची. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट जास्त वर गेलीय, अर्धा सेंटीमीटर खाली घ्या. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय तर बहुधा सीट खाली आहे, मागच्या बाजूला ओढ बसतेय तर बहुधा वर आहे. सीटपोस्टवर एक आडवी रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसली नाही पाहिजे, कारण त्याच्या वर काढला तर पोस्ट वाकतो नाहीतर फ्रेमची नळी फाटते. ती रेघ दिसल्याशिवाय उंची जमतच नसेल तर फ्रेम तुम्हाला लहान आहे, आणि तो प्रश्न पार्ट बदलून सुटत नाही.

सीट टोचते म्हणून लगेच जेलचं कव्हर घेऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे टोचतंच, बसायच्या हाडांना सवय व्हायला लागते. मऊ कव्हरमध्ये हाडं रुततात आणि लांब गेलं की जास्त त्रास होतो. त्यापेक्षा पॅडवाली शॉर्ट घ्या, आणि ती आतून काहीही न घालता घालायची असते, हे दुकानात कोणी सांगत नाही आणि विचारायला लोक लाजतात, पण आत कपडा असला की त्याच्या शिवणीनेच घासून जखम होते.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

हा भाग जरा सावकाश वाचा कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दुकानात जाऊन "२६ ची ट्यूब आणि टायर द्या" म्हटलं तर ते पुरेसं नाही. एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाईकचा, २६ इंची टायर वेगळा आणि जुन्या पद्धतीच्या सायकलचा २६ गुणिले १ ३/८ वाला टायर वेगळा, नाव २६ च पण एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. म्हणून टायरच्या बाजूला बारीक अक्षरात अजून एक आकडा छापलेला असतो, ३७-५९० असा, तो बघायचा. त्यातला पहिला आकडा रुंदी, दुसरा आकडा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. २६ इंची एमटीबी म्हणजे ५५९, जुनी २६ गुणिले १ ३/८ म्हणजे ५९०, २७.५ म्हणजे ५८४, आणि आजोबांच्या काळातली ती उंच काळी २८ गुणिले १ १/२ वाली सायकल, ती ६३५. गंमत अशी की हायब्रिड (रोड बाईक आणि एमटीबीच्या मधली सायकल) आणि रोड बाईकचं ७००सी आणि एमटीबीचं २९ इंच या दोन्हीचा व्यास एकच आहे, ६२२. फक्त रुंदी वेगळी. पहिल्या आकड्यात, म्हणजे रुंदीत, थोडं इकडेतिकडे चालतं, ३५ च्या जागी ३८ टाकता येतो जर फ्रेमला, चिमट्याला आणि ब्रेकला घासत नसेल तर. टायर आणि फ्रेमच्या मधे प्रत्येक बाजूला किमान चार-पाच मिलिमीटर मोकळं पाहिजे, आपल्याकडे लाल चिखल चिकटतो म्हणून.

ट्यूब मागताना व्हॉल्व्हपण सांगायचा. मोटरसायकलला असतो तसला जाड व्हॉल्व्ह म्हणजे श्रेडर. बारीक, लांब, टोकाला छोटी चकती फिरवून उघडायचा तो प्रेस्टा. साध्या जुन्या सायकलला येतो तो तिसराच, आत रबराची बारीक नळी असते तो. श्रेडरसाठी रिमला ८ मिलिमीटरचं भोक असतं आणि प्रेस्टासाठी ६ चं, त्यामुळे प्रेस्टाच्या रिममध्ये श्रेडर शिरतच नाही, उलटं एकवेळ रबरी रिंग घालून जमतं. प्रेस्टा असेल तर एक छोटा पितळी अडॅप्टर घेऊन ठेवा, अगदी किरकोळ वस्तू आहे पण त्यामुळे रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

आता हवा. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त आणि कधीकधी कमीत कमी दाब छापलेला असतो, पीएसआयमध्ये किंवा बारमध्ये, १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. छापलेला जास्तीचा आकडा ही मर्यादा आहे, तेवढी भरायचीच असं नाही. अंदाज द्यायचा तर ७० किलोच्या आसपासच्या माणसाने २.१ इंची एमटीबी टायरला ३० ते ४०, ३५ रुंदीच्या हायब्रिडला ५० ते ६५, आणि २५ च्या रोड टायरला ८० ते ९० पासून सुरुवात करावी आणि वजनाप्रमाणे, रस्त्याप्रमाणे कमीजास्त करावं. मागच्या चाकावर वजन जास्त म्हणून मागे चार-पाच पीएसआय जास्त. पावसात दोन्हीकडे थोडं कमी. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर सायकलसाठी वापरू नका, सायकलच्या ट्यूबमध्ये जागा इतकी कमी असते की दोन सेकंदात दाब कुठल्या कुठे जातो आणि ट्यूब फुटते. घरी दाब दाखवणारा काटा असलेला फ्लोअर पंप घ्या. हेल्मेटनंतर पहिली खरेदी हीच, खरंच सांगतो, कारण बारीक टायरची हवा आठवड्यात आपोआप उतरते आणि हाताने दाबून ते कळत नाही.

गिअर: २१ आहेत म्हणजे २१ वापरायचे नाहीत

पुढे ३ चकत्या आणि मागे ७, गुणाकार २१. पण त्यातले बरेचसे एकमेकांसारखेच असतात. लक्षात ठेवायचं एवढंच की पुढची लहान चकती हलकं, पुढची मोठी जड. मागे बरोबर उलटं, मागची मोठी चकती हलकं, लहान जड. उजव्या हाताला मागचे, डाव्या हाताला पुढचे.

आकड्यात बघू म्हणजे नीट कळेल. सुरुवातीच्या बऱ्याच सायकलींना पुढे ४२, ३४, २४ दात असतात आणि मागे १४ ते २८. ७००सी गुणिले ३५ चं चाक एका फेरीत साधारण २.१७ मीटर जातं. पुढे ४२ मागे १४ टाकलं तर पेडलच्या एका फेरीत चाक ३ वेळा फिरतं, म्हणजे साडेसहा मीटर. पुढे २४ मागे २८ टाकलं तर चाक एक फेरीसुद्धा पूर्ण करत नाही, एका पेडलला १.८६ मीटर. पहिला गिअर संगम माहुलीकडच्या सपाट रस्त्याला किंवा उताराला, दुसरा यवतेश्वरला. दोन्हीला एकच गिअर वापरायचा प्रयत्न केला की माणूस दमतो आणि सायकलला दोष देतो.

सपाटीला मिनिटाला ८० ते ९० वेळा पेडल फिरलं पाहिजे, घाटात ६० ते ७० झाले तरी चांगलं. त्याच्याखाली गेलं की सगळा भार गुडघ्यावर. म्हणजे गिअर ठरवायचा तो वेगावरून नाही, पाय किती भरभर फिरतायत त्यावरून.

चढ समोर दिसतोय, तेव्हाच गिअर उतरवा. चढाच्या मध्यात, पूर्ण जोर लावून पेडल दाबत असताना पुढचा गिअर बदलायला गेलात तर चेन अडकते, पडते, कधी तुटते. बदलायच्या क्षणी पाय फिरता ठेवायचा पण जोर काढून घ्यायचा. आणि पुढे मोठी-मागे मोठी, किंवा पुढे लहान-मागे लहान असं टाकू नका, चेन तिरकी ओढली जाते, वाजते, लवकर झिजते.

"मला यवतेश्वरला सगळ्यात हलका गिअर पण जड जातोय, अजून हलका करता येईल का?" येईल. मागे २८ च्या जागी ३४ दातांची चकती आली की तोच हिशोब १.५३ मीटरवर येतो, म्हणजे जवळजवळ अठरा टक्के हलकं, घाटात हा फरक फार मोठा आहे आणि कुठल्याही हलक्या चाकापेक्षा हे स्वस्त पडतं. पण घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. एक, तुमच्या मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला, किती दातांपर्यंत चालतं, प्रत्येक मॉडेलची मर्यादा ठरलेली असते. दोन, तुमचा मागच्या चकत्यांचा गठ्ठा फ्रीव्हील आहे का कॅसेट. हे घरीच कळतं, मागचं चाक काढा आणि चकत्या उलट्या फिरवा. मधे जिथे पाना बसतो तो दातेरी भाग चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट, तो जागेवर राहिला आणि नुसत्या चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसतं, कॅसेट खाचांवर सरकवून बसते, एकाच्या जागी दुसरं येत नाही. मोठी चकती टाकली की जुनी चेन आखूड पडू शकते, तेही मेकॅनिकला तिथेच मोजायला सांगा.

अजून एक नेहमीचा प्रश्न, शिमानो या पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीच्या गिअरची नावं. एमटीबी-हायब्रिडमध्ये जुनी चढती भाजणी अशी, टर्नी, अल्टस, अॅसेरा, अलिव्हिओ, डिओर. रोडमध्ये क्लारिस म्हणजे मागे ८, सोरा ९, टियाग्रा १०. २०२३ पासून क्यूज नावाची नवी मालिका आलीय, तिचे शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे दांडे) आणि डिरेलर जुन्यांमध्ये मिसळता येत नाहीत, म्हणून घेताना विचारून घ्या. नवीन माणसाला टर्नी काही वाईट नाही, नीट सेट केलेली टर्नी बिघडलेल्या डिओरपेक्षा कधीही बरी.

गिअर अडकतोय, वाजतोय, नेमका बसत नाहीय असं झालं की केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला गोल नॉब बघा. चेन मागच्या मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर नॉब पाव फेरी उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवा. लहान चकतीवर उतरायला वेळ लावत असेल तर पाव फेरी सुलट. पुन्हा बघा, पुन्हा पाव फेरी. नवीन सायकलची केबल पहिल्या काही आठवड्यात थोडी सैल पडतेच, बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. डिरेलरवर एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू असतात त्यांना मात्र उगाच हात लावू नका, एल चुकीचा फिरला तर चेन स्पोकमध्ये जाते आणि डिरेलरसकट सगळं ओढलं जातं.

आणि सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर नॉब फिरवायच्या आधी मागून बघा, डिरेलर सरळ उभा आहे का आत वाकलाय. तो ज्या छोट्या पट्टीवर लटकलेला असतो तिला हँगर म्हणतात, ती मुद्दाम मऊ धातूची असते, फ्रेम वाचावी म्हणून. बहुतेक मॉडेलचा हँगर वेगळा असतो आणि साताऱ्यात ऐनवेळी तुमचा नेमका मिळेल याची खात्री नाही. सायकल घेतानाच एक जास्तीचा हँगर मागवून घ्या. सायकल ठेवताना चेन भिंतीकडे नाही, बाहेरच्या बाजूला राहील अशी ठेवा. कुठे आडवी ठेवायचीच असेल तर डाव्या कुशीवर.

ब्रेक

इथे काटकसर नको. रिमला धरणारे व्ही-ब्रेक, वायरवाले डिस्क आणि ऑइलवाले हायड्रॉलिक डिस्क, हे तीन प्रकार तुम्हाला दिसतील. कोरड्या रस्त्यावर नीट लावलेले व्ही-ब्रेक उत्तम काम करतात. फरक पडतो तो पावसात, रिम ओली झाली की चाकाच्या पहिल्या काही फेऱ्या ब्रेक लागतच नाही, आधी पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. बाराही महिने घाट करायचे असतील तर डिस्क घ्या, नुसतं सकाळी गावात आणि कोरेगाव रोडला फिरायचं असेल तर व्ही-ब्रेक पुरे.

महिन्यातून एकदा पॅड बघा. रिम ब्रेकच्या रबराला खाचा असतात, खाचा संपल्या की रबर संपलं. डिस्क पॅडचं मटेरियल, मागची लोखंडी पट्टी सोडून, १ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदला. पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर पॅड उन्हाळ्यापेक्षा कितीतरी लवकर जातात, जांभ्याची लाल माती सगळीकडे असते आणि ती घासकाम करते. पॅड नवीन टाकले की लगेच घाट उतरू नका, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन हळू करायचं, असं दहा-वीस वेळा करा, मग पकड येते.

डिस्कच्या चकतीला तेलाचा थेंब नाही लागला पाहिजे. बोटसुद्धा लावू नका. चेनला स्प्रे मारताना उडालेलं तेल चकतीवर बसतं आणि मग ब्रेक ओरडतो आणि धरत नाही, चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते पण पॅडने तेल प्यायलं की ते बहुधा टाकूनच द्यावे लागतात. हायड्रॉलिक असेल तर चाक काढलेलं असताना ब्रेकचा दांडा दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. आणि त्यात कुठलं ऑइल आहे ते बघून घ्या, शिमानोत मिनरल ऑइल असतं, काही कंपन्यांत डॉट फ्लुइड, एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली सील खराब होतात. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये डॉट फ्लुइड सहज मिळतं म्हणून कोणी घालून देत असेल तर आधी विचारा.

आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढचा असतो, पण बाहेरच्या काही सायकलींना उलटं असतं, नवीन सायकल असेल तर मैदानात हळू चालवून खात्री करा.

चेन

चेनला काय घालायचं यावर भरपूर सल्ले मिळतील. खोबरेल तेल नको, साताऱ्यातल्या थंडीत सकाळी ते थिजतं, २४-२५ अंशाच्या खाली घट्ट व्हायला लागतं. गाडीचं काढलेलं काळं ऑइल तर अजिबात नको, त्यात आधीच धातूचा कीस असतो आणि वरून धूळ चिकटते. सायकलच्या चेनचं ल्यूब मिळतं, कोरड्यासाठी ड्राय आणि पावसासाठी वेट, छोटी बाटली बरेच महिने जाते. ते नसेल तर शिलाई मशीनचं तेल तात्पुरतं चालतं, पण लवकर उडतं.

कसं घालायचं ते महत्त्वाचं. आधी चेन स्वच्छ करा, फडक्यावर थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन, जुना टूथब्रश घेऊन, सावलीत, मोकळ्या हवेत. पूर्ण वाळू द्या. मग चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं फिरवत. पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग कोरड्या फडक्याने वरचं सगळं तेल पुसून टाका. हे पुसणं लोक करत नाहीत, आणि तिथेच चुकतं. तेल आतल्या पिनांना पाहिजे, वर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

चेन झिजलीय का हे साध्या फूटपट्टीने कळतं. चेनच्या एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अर्धा इंच असतं, म्हणजे २४ पिनांचं अंतर बरोबर १२ इंच. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा आणि १२ इंचावरची पिन बघा. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदला. १/८ इंच सरकली असेल तर उशीर झालाय, मागच्या चकत्यापण तिच्याबरोबर झिजल्यात आणि नवीन चेन जुन्या चकत्यांवर उड्या मारेल. वेळेवर बदललेली एक चेन मागचा सगळा कॅसेट वाचवते, हिशोब करून बघा.

नवीन चेन मागताना मागे किती चकत्या आहेत ते सांगायचं. ६, ७, ८ ला एकच चेन चालते, ९ ची वेगळी, १० ची वेगळी, मागच्या चकत्या वाढल्या की चेन अरुंद होत जाते. क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची कडी, तीपण त्याच मापाची.

पंक्चर

साताऱ्याभोवती कुठंही जा, रस्त्याच्या कडेला बाभूळ आहे, आणि उसाच्या हंगामात तर कडेला टिपरं, चिपाडं, खिळे, सगळंच पडलेलं असतं. पंक्चर होणारच. सोबत कायम एक ट्यूब, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, छोटा पंप, पॅच आणि सोल्यूशन, ४-५-६ च्या अॅलन की असलेलं मल्टिटूल. चाकाला नट असतील तर १५ चा पाना. कासला जाताना यवतेश्वर सोडलं की वाटेत पंक्चरचं दुकान शोधत बसायची वेळ येऊ नये.

मागचं चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान चकतीवर घ्या. टायर एका बाजूने काढा, ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरा आणि गालाजवळ फिरवा, हवा लागते. भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते बघून टायरमध्ये तिथेच आतून हळू बोट फिरवा, काटा अजून रुतलेला असतो. तो न काढता नवीन ट्यूब टाकली तर शंभर मीटरवर परत पंक्चर. भोक कुठे आहे यावरून कारण कळतं. बाहेरच्या बाजूला एकच भोक म्हणजे काटा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटली. रिमकडच्या बाजूला भोक म्हणजे रिमटेप (रिमच्या आतली, स्पोकची टोकं झाकणारी पट्टी) सरकलीय, स्पोकचं टोक लागतंय.

पॅच लावताना जागा पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन पातळ पसरा आणि थांबा. चार-पाच मिनिटं, बोटाला चिकटायचं कमी होईपर्यंत. ओल्या सोल्यूशनवर पॅच लावला की सुटतो. टायर परत बसवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा, शेवटचा भाग लिव्हर न लावता अंगठ्याने ढकला, लिव्हरने नवीन ट्यूब फाटते.

ट्यूबलेस करू का असं विचारतात. पहिल्या वर्षी गरज नाही. वारंवार काटे लागत असतील तर पंक्चरपासून संरक्षणाचा जाड थर असलेला टायर घ्या, थोडा जड लागेल पण डोकं शांत राहतं.

चाकाला क्विक रिलीजचा दांडा असेल तर तो नटासारखा फिरवून आवळायचा नसतो, तो दाबून बंद करायचा असतो, बंद करताना तळहातावर वळ उमटला पाहिजे इतका घट्ट. आणि पेडल बदलताना, डाव्या पेडलच्या आट्या उलट्या असतात. पाना पेडलच्या वर उभा धरला की दोन्ही पेडल सैल करायला तो मागच्या चाकाकडे फिरतो, एवढं लक्षात ठेवा.

अंगावरचं सामान

हेल्मेट महागच पाहिजे असं नाही, पण आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी या सुरक्षा मानकाचा शिक्का पाहिजे आणि मापाचं पाहिजे. भुवईच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एक-दोन बोटं जाईल एवढंच सैल. मागे सरकवून कपाळ उघडं ठेवून घातलेलं हेल्मेट पुढे पडलात तर उपयोगाचं नाही. एकदा जोरात आपटलं की वरून चांगलं दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल एकदाच दबतो.

मागे लाल लाईट दिवसापण लावा. पावसाळ्यात यवतेश्वरच्या वर धुकं उतरलं की पन्नास पावलांवरचा माणूस दिसत नाही. आणि उसाच्या हंगामात पहाटे-संध्याकाळी अंधारात सायकल टाळता आली तर टाळा, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो, तुम्ही त्यांना दिसत नाही आणि ते तुम्हाला दिसत नाहीत. पुढचा लाईट दिसण्यासाठी वेगळा आणि रस्ता बघण्यासाठी वेगळा, अंधारात जायचं असेल तर दुसरा लागतो.

चष्मा घ्या, साधा पारदर्शक चालतो, संध्याकाळी किडे डोळ्यात जातात. हातमोजे घ्या. मडगार्ड जून ते ऑक्टोबर लावाच, मागे बसणारा चिखल एकवेळ धुता येईल पण पुढच्या चाकाचं पाणी सरळ चेनवर आणि खालच्या बेअरिंगवर जातं. सायकल धुवायला गाड्यांच्या वॉशिंग सेंटरला नेऊ नका, प्रेशरचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुवून काढतं. बादली, स्पंज, मग फडक्याने पुसून चेनला तेल. पावसाळा संपला की वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्या, दोन्ही हब, हँडलची वाटी, सगळे छर्रे बघून नवीन ग्रीस, आणि चाकांचा आऊट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, काढून घ्या. गावातले जुने सायकल मिस्त्री हे काम फार सुंदर करतात, चाकाचा आऊट काढण्यात त्यांच्या हाताला तोड नाही. डिरेलर आणि हायड्रॉलिकचं काम मात्र ज्याच्याकडे त्याची अवजारं आहेत त्याच्याकडेच द्या.

पहिला यवतेश्वर

वरचं सगळं झालं, दोन-तीन आठवडे सपाटीला, संगम माहुली, कोरेगाव रोड, लिंबची बारा मोटेची विहीर असं फिरून झालं की मग घाट. निघायच्या आधी घरीच, दोन मिनिटांचं काम, दोन्ही टायर दाबून नाही तर पंपाच्या काट्यावर बघा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा आणि हँडलच्या सांध्यात खटखट होतेय का बघा, चाकांचे दांडे बंद आहेत का बघा. पाण्याच्या दोन बाटल्या.

चढताना पहिल्या वळणाच्या आधीच हलका गिअर. बसूनच चढा, उभं राहून लवकर दमायला होतं. थांबायचं तर वळणावर थांबू नका, सरळ भागात कडेला. कास साताऱ्यातून साधारण २५ किलोमीटर आहे, पहिल्याच दिवशी तिथपर्यंत जायची गरज नाही, यवतेश्वरला चहा घेऊन परत फिरलात तरी पहिल्या वेळेला भरपूर.

उतरताना ब्रेक धरून ठेवू नका. सतत हलका ब्रेक लावून उतरलं की रिम किंवा ब्रेकची चकती तापत जाते आणि खाली पोचेपर्यंत पकड कमी होते, रिम ब्रेक असेल तर गरम रिमने ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबा, वेग कमी करा, सोडा, वळा. ओल्या रस्त्यावर हेच अजून आधीपासून. बोटं सारखी दांड्यावर असू द्या, वजन थोडं मागे, पेडल आडवी, वळताना आतलं पेडल वर. मधेच ब्रेकचा वास आला किंवा दांडा नेहमीपेक्षा आत जायला लागला तर कडेला थांबा, सायकल सावलीत उभी करा, दहा मिनिटं गार होऊ द्या. गरम चकतीवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकते. गार झाल्यावर दोन्ही ब्रेक उभ्या उभ्या दाबून बघा, दांडा पहिल्यासारखा घट्ट लागला तरच पुढे उतरा, नाहीतर सायकल हातात धरून चालत खाली या आणि त्याच दिवशी पॅड आणि केबल दाखवून घ्या.